मातृसेवा मंडळाची पोटुशी सेविका

सावित्री नदीच्या खोऱ्यात काम करणाऱ्या मातृसेवा मंडळाची कचेरी महाडात होती. दर्शनी भिंतीवर तांबड्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'गर्भवती ही घराची लक्ष्मी'. त्या अक्षरांच्या बरोबर खाली चिटणीस देवस्थळींची खुर्ची. माणूस वाईट नव्हता. सभेत मातृत्वावर बोलायला उभा राहिला की त्याचे डोळे खरोखर भरून येत.

शकुंतला उतेकर या मंडळाची सेविका. तिला सगळे शकूताई म्हणत. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली, चालायला खमकी, बोलायला त्याहून. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरात अडकून पडण्यासारखं काही नव्हतं. पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांवर जायचं, बाया गोळा करायच्या, चित्रं दाखवायची आणि पोटुशी बाईनं कसं राहावं ते सांगायचं, हे तिचं काम. डोक्यावर ओझं घेऊ नका, दुपारी घटकाभर आडव्या व्हा, पालेभाजी खा, दूध प्या. चित्रातली बाई झाडाखाली बसून पेल्यानं दूध पीत असे.

"हिच्या घरातल्या गवऱ्या कोन थापतो?" बाया विचारत आणि पदराआड हसत.

त्याहून अवघड प्रश्न दुसराच असे. "ताई, तुला किती पोरा?"

शकूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. ती "अजून नाही," म्हणायची, आणि तिथेच सभा संपायची. बाया उठत, लुगड्याची धूळ झटकत. एखादी जाताजाता मायेनं सांगे, "व्हईल गो, नवस बोल." म्हणजे शिकवायला गेलेली शकू स्वतःच उपदेश घेऊन परत यायची.

आणि मग एकोणीसशे अठ्ठावन्नच्या गणपतीनंतर शकूला दिवस गेले.

नवल असं, की त्याबरोबर तिचे शब्दही बदलल्यासारखे झाले. बोलत होती तेच, पण बाया आता उठेनात. "तू काय खातेस? तुजे पाय सुजतात का? मग काय करतेस?" असं विचारू लागल्या. एका वाडीत तर तिनं सांगायच्या आधीच दोघी पोटुश्या पुढं येऊन बसल्या. इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते आता आपोआप जमत होतं. शकू संध्याकाळच्या एस.टी.तून खुशीत घरी यायची.

तेवढ्यात तिला कचेरीतून बोलावणं आलं.

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "ऐकतो ते खरं?"

"हो."

"अभिनंदन, अभिनंदन. मग राजीनामा कधी देताय?"

शकूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कसला राजीनामा?"

"अहो, चढउतार, उन्हातान्हातलं हिंडणं. या अवस्थेत बाईनं विश्रांती घ्यावी. तुम्हीच सांगता ना बायांना?"

"मग द्या की विश्रांती. शेवटच्या महिन्याची आणि बाळंतपणाची रजा द्या."

"रजा?" देवस्थळी गोंधळले. "तशी सोय मंडळात नाही. आजवर प्रश्नच आला नाही."

"का आला नाही?"

"आजवरच्या सेविका समंजस होत्या. पोट दिसायच्या आत गेल्या." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि दिसतं ते कसं? सेविका चारचौघांपुढं उभी राहते. अशा..." त्यांचा हात हवेत एक गोलाई काढू लागला आणि लाजून अर्ध्यावरच मागं आला.

"चित्रातली बाई दिसते तशीच दिसेन की मी," शकू म्हणाली. "ती चालते, मग मी का नाही?"

"ते चित्र आहे, शकुंतलाबाई."

शकूनं राजीनामा दिला नाही. तिला काढून टाकणं देवस्थळींच्या हातात होतं, पण मंडळाच्या अध्यक्ष आनंदीबाई मुंबईहून चौकशी करणाऱ्या. मातृसेवा मंडळानं आई होणाऱ्या बाईला काढलं, हे त्यांना कसं सांगायचं? मग देवस्थळींना मार्ग सुचला. शकूची बदली करंजाच्या वाडीवर झाली. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एका वळणाला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून करवंदीच्या जाळ्यांतून वर चढत राहायचं. रस्ता नाही, दवाखाना नाही. आधीची सेविका तिथं आठवडाभरही टिकली नव्हती. शकू वाट बघूनच राजीनामा देईल, असा त्यांचा हिशेब.

शिमग्याला सहदेव घरी आला. ऐकून म्हणाला, "सोड ती नोकरी. एवढं काय अडलंय?"

"मूल माझ्या एकटीचं हाय का?" शकू म्हणाली. "तुम्हीपण बाप होणार. गिरणीत तुम्हाला कुणी विचारलं, राजीनामा कधी देता म्हणून?"

सहदेवानं विडी पेटवली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची ट्रंक खांद्यावर घेतली आणि दोघं करंजाच्या वाडीची वाट चढू लागली. वाटेत ती जागोजाग बसत होती, आणि तो पुढं जाऊन थांबत होता. त्याला राग आला होता, पण राग नक्की कुणावर, ते त्यालाही उमगत नव्हतं.

वाडीच्या तोंडाशी बयाबाई उभी होती. म्हातारी सुईण, वाडीतलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्याच हातावर जन्मलेलं. ट्रंक बघून तिनं ओळखलं.

"मंडळाची काय? मागल्या पोरीला आमी ताक पाजून परत धाडली. लगीन नाय झालेलं, आनि मला सांगते पोरा कशी काढायची." मग तिची नजर शकूच्या पोटावर गेली. आवाज एकदम बदलला. "अगो बाय! ह्या दिसांत तुला हितं कोनी चढवली?"

"मंडळानं," शकू धापा टाकत म्हणाली.

"कसला मंडळ म्हनायचा ह्यो?"

"मातृसेवा मंडळ."

"म्हंजे?"

"आयांची सेवा करणारं."

बयाबाई इतकी हसली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. हसता हसताच तिनं शकूचा दंड धरला आणि तिला आपल्या पडवीत नेऊन बसवलं.

वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. नाचणी, वरी, गुरं, पाणी, लाकूडफाटा, सगळं बायांवर. शकूनं पहिल्याच दिवशी चित्रं काढली आणि ओझ्याचं सांगायला सुरुवात केली. सांगून झाल्यावर सवयीनं हंडा उचलून झऱ्याकडं निघाली. बयाबाई आडवी आली.

"कुटं निघालीस?"

"पाण्याला."

"आत्ताच काय सांगितलंस? पोटुशीनं ओझा उचलू नये. ठेव हंडा."

शकूच्या हातचा हंडा बयाबाईच्या सुनेनं, रंगूनं घेतला. रंगूचंही पोट पुढं आलेलं होतं. ती झऱ्याच्या वाटेनं चार पावलं गेली आणि ओट्यांवरच्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. ते बघणं बयाबाईला लागलं. परक्या पोरीला बसवायचं आणि आपल्या सुनेला पाण्याला लावायचं, म्हणजे वाडीत तोंड दाखवायला जागा नाही.

"रंगे!" ती ओरडली. "तूपन ये माघारी. मी जाते."

आणि त्या दिवशी बयाबाई स्वतः पाणी भरायला गेली. वाटेत ती मंडळाला, चित्रांना आणि शकूला एकसारखी शिव्या घालत होती, पण हंडा भरून आणला.

सुरुवात ही अशी झाली. पुढं बायांनी पाळ्या लावल्या. पोटुशीचं पाणी शेजारणीनं भरायचं. ज्या घरात दुभतं, तिथून वाटीभर दूध यायचं. शकू बयाबाईला उकळलेल्या पाण्याचं आणि नाळ कापायच्या नवीन पातीचं सांगे. बयाबाई शकूला कंबरेला शेक कसा घ्यायचा ते शिकवी. दोघींचं रोज भांडण होई आणि रोज दोघी एकत्र जेवत. राजीनामा काही खाली उतरला नाही.

वैशाखात आनंदीबाई पाहणीला आल्या. या भागातलं सर्वांत अवघड केंद्र बघायचं, असा त्यांनी हट्ट धरला. देवस्थळींनी बरंच टाळलं, पण चाललं नाही. आनंदीबाई हातात काठी घेऊन, थांबत थांबत, नेटानं चढल्या. देवस्थळींचा मात्र अर्ध्या वाटेत श्वास कोंडला आणि ते एका दगडावर बसले ते बसलेच. खाली निरोप गेला, वर निरोप गेला. वाडीत डोली होती, पण उचलायला पुरुष नव्हते. अखेर चौघी बायांनी डोली खांद्यावर घेतली आणि चिटणीस वर आले.

बयाबाईनं डोलीत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्यांना कितवा?"

आनंदीबाईंनी सगळं पाहिलं. दुपारी पडवीत आडव्या झालेल्या पोटुश्या पाहिल्या, पाण्याच्या पाळ्या ऐकल्या, आठव्या महिन्यातली शकू पाहिली. त्या हेलावून गेल्या. "देवस्थळी, ही कल्पना कुणाची? गरोदर बाईलाच गरोदर बायांत पाठवायचं! किती साधी गोष्ट, आणि इतक्या वर्षांत आपल्याला सुचली नाही."

देवस्थळींनी कपाळाचा घाम पुसला. "हेतुपुरस्सरच पाठवलं," ते म्हणाले.

"हेतू होता ना," शकू पटकन म्हणाली. "मी राजीनामा द्यावा हा."

आनंदीबाई खळखळून हसल्या. "विनोदी आहे हो पोरगी! म्हणूनच बाया हिचं ऐकतात." आणि त्यांनी तिच्या गालाला हात लावला. शकूच्या तोंडापर्यंत आलेलं सगळं त्या हाताखाली दबून गेलं. एवढ्या प्रेमानं कुणी आपलं म्हणणं उडवून लावेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ज्येष्ठात, पेरणीच्या गडबडीत, शकूला मुलगी झाली. भर दुपारी, बयाबाईच्या हातावर, उकळलेल्या पाण्यानं धुतलेल्या हातावर. रजेचं मंडळानं काहीच कळवलं नाही. केंद्र चालूच होतं, कारण सेविका केंद्रातच बाळंत झाली होती.

दिवाळी झाली. भात झोडून झालं होतं. एका सकाळी बाया ओरडत आल्या, "ताई, खालून डोली येते गो!"

डोलीत चंद्रभागा होती. महाडच्या केंद्रातली सेविका, शकूच्या मागाहून लागलेली, साधी, भित्री मुलगी. पोट चांगलंच पुढं आलेलं. उतरली ती रडत रडतच.

"साहेब म्हणाले, आता मंडळाचं धोरणच झालंय. जी सेविका गरोदर राहील, तिला डोंगरावर पाठवायचं. म्हणाले, उतेकरबाईंना जमलं, तुम्हालाही जमेल."

शकूनं तिला पडवीत बसवलं. आपण टिकलो, त्याचं हे झालं होतं. राजीनामा दिला असता, तर निदान हे धोरण जन्माला आलं नसतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचाच तिला संताप आला. तिनं मुलीला झोळीत घेतलं. बयाबाई आणि आणखी आठ-दहा जणी न बोलावता निघाल्या. रंगूही निघाली, कडेवर आपला मुलगा घेऊन.

महाडच्या कचेरीत एवढ्या बायांना बसायला जागा नव्हती. त्या जमिनीवरच बसल्या, थेट देवस्थळींच्या टेबलापर्यंत. पोरं रांगत रांगत टेबलाखाली गेली. एकानं तिथं मुतूनही घेतलं.

"चंद्रभागेला रजा द्या," शकू म्हणाली. "आणि ते धोरण मागं घ्या."

"पण तुम्हाला तर इतकं छान जमलं!" देवस्थळींना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मला वाडीनं सांभाळलं. मंडळानं नाही." तिनं झोळीतली मुलगी पुढं घेतली. "वाडीवर ह्या बाया नसत्या, तर आज मी इथं नसते, आणि ही पोरही नसती. ते तुम्ही कसं छान म्हणता?"

बयाबाईनं भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडं बोट केलं. "तितं काय लिवलंय गो?"

शकूनं वाचून दाखवलं. बायांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा देवस्थळींकडं. ते बघणं त्यांना फार काळ सोसवलं नाही. "रजेचं बघू," ते म्हणाले. "बघू नाय," बयाबाई म्हणाली, "आत्ता." आणि तंबाखूची चंची काढून ती मांडी ठोकून बसली. संध्याकाळपर्यंत चंद्रभागेला रजा मिळाली. खास बाब म्हणून. मंडळाच्या इतिहासातली ती पहिली रजा. धोरणाचं मात्र पुढच्या बैठकीत ठरवू, असं झालं.

बाया जिंकल्यासारख्या वाडीवर परतल्या. वाडीवरच थांबलेल्या चंद्रभागेनं ऐकलं आणि डोळे पुसून गाठोडं बांधायला घेतलं. बयाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवून पाहिलं आणि गाठोडं सोडून टाकलं.

"पोर खाली आलाय. आता उतरायचं नाय."

"पण मला रजा मिळालीय!"

"मग घे की. हितं झोपून घे."

चंद्रभागेनं आपली सगळी रजा करंजाच्या वाडीवर काढली. पाणी शेजारणीनं भरलं, दूध तिसऱ्या घरातून आलं. मुलगा झाला. पुढं मंडळाच्या वार्षिक सभेत देवस्थळींनी डोळे भरून सांगितलं, की डोंगरावरचा दुसरा प्रयोगही यशस्वी झाला, आणि गरोदर सेविकांना रजा देण्याची प्रथा मंडळानं आपणहून सुरू केली आहे. त्यांना शाल मिळाली. धोरणाची बैठक काही भरली नाही, पण त्यानंतर कुणा पोटुशी सेविकेला डोंगरावर पाठवायचं धाडसही कुणी केलं नाही. एवढ्या बाया परत कचेरीत येऊन बसतील, ही धास्ती धोरणापेक्षा भारी पडली.

सभेची ही हकीकत कचेरीच्या शिपायानं वर येऊन सांगितली, तेव्हा शकू अंगणात मुलीला न्हाऊ घालत होती. ऐकून तिला आधी हसू फुटलं आणि मग ते कुठल्या कुठे गेलं. पायावरची मुलगी साबणानं निसटत होती. तिनं तिला घट्ट धरलं आणि रंगूला हाक मारली, "रंगू, गरम पाणी आण गो, हिला गार लागतंय."