बसून घातलेल्या मितानिया

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको. मी खोटं बोलले. एकदा नाही, तब्बल दोन वर्षं, आणि तेही अबूना बीमनशी, आमच्या देवळाच्या पाद्रींशी, जे माझी पापकबुली ऐकतात.

मी तफीदा. वय एकसष्ट, वजन एकशे चार किलो, धंदा शिवणाचा. नवरा देवाघरी गेला त्याला नऊ वर्षं झाली. एकच मुलगी, मारसेल. तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती तरी पाळणा हलला नव्हता, आणि तिची सासू कौकब, म्हणजे माझी विहीण, ती तर जिभेला धार लावूनच जन्माला आलेली. एकदा भर पाहुण्यांत म्हणाली, "आमच्या घरात मांजरीसुद्धा वर्षाला दोनदा वितात." मारसेल स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी त्या दिवशी कौकबचा चहा न पिता उठले, आणि चहा सोडणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्याच रागात मी नवस बोलले. नदीपलीकडे जबल अल-तैरच्या डोंगरावर आमच्या मरियममाऊलीचं देऊळ आहे. त्याच्या जत्रेत, सगळ्या बायकांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाले, "माऊली, माझ्या लेकीची कूस उजव. मी ते मूल माझ्या हातांवर घेऊन, खालपासून वरपर्यंत पायऱ्या चढून तुझ्याकडे बाप्तिस्म्याला आणीन. मध्ये कुणाच्या हातात देणार नाही." पायऱ्या एकशे सहासष्ट. आणि गंमत बघा, नवस बोलायला मी स्वतः मागच्या रस्त्याने मायक्रोबसमधून वर गेले होते.

अबूना बीमनना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण माणूस तोलून बोलणारा. म्हणाले, "बाई, नवस जिभेने बोललात, फेडायचा गुडघ्यांनी आहे. रोज सकाळी चाळीस मितानिया घाला. शनिवार-रविवार सुट्टी. आणि दवाखान्यात जाऊन साखर तपासून या."

मितानिया म्हणजे उभं राहायचं, गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, 'येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर' म्हणायचं आणि परत उभं राहायचं. चाळीस वेळा! पहिल्या दिवशी तीन घातल्या आणि कमरेत कळ आली. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बसले, जपमाळ घेतली, दर मण्याला मान जरा झुकवली, चाळीस मणी झाले. देवाला काय, मनातला भाव कळतो. असं मीच मला सांगितलं. कोण बघतंय? अबूना दर महिन्याला विचारायचे, "मितानिया चालू आहेत?" आणि मी म्हणायचे, "चालू आहेत, अबूना." दवाखान्यातही गेले होते. साखर तीनशेच्या वर निघाली. तो कागद घडी करून शिवणयंत्राच्या खणात टाकला. माझी आई याच साखरेने गेली, आधी अंगठा, मग पाऊल, मग ती. मारसेल तेव्हा पोटात होती. आईने तिला पाहिलंच नाही. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी चहात चार चमचे साखर पडतच होती.

आणि मग मारसेलला दिवस गेले.

मी आनंदाने इतकी मोठी ललकारी दिली की खालचा दुकानदार वर धावत आला. आठ महिने मी हवेत होते. आठव्या महिन्यात मारसेल सहज म्हणाली, "आई, पायऱ्या जमतील ना गं तुला?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" आणि त्याच दुपारी, कुणी नाही असं बघून, आमच्या इमारतीचे चार मजले चढायला गेले. दुसऱ्या मजल्यावर खाली बसले. छातीत भाता चाललेला, डोळ्यांपुढे काजवे. माझ्या ओंजळीत तेव्हा फक्त किल्ल्या होत्या, मूल नव्हतं. त्या पायरीवर बसून मी जेवढी घाबरले तेवढी नवऱ्याच्या आजारपणातही घाबरले नव्हते. देवाने त्याचा शब्द पाळला होता आणि माझा शब्द सोफ्यावर बसून राहिला होता.

संध्याकाळी जाऊन अबूनांना सगळं सांगितलं. "दोन वर्षं मी बसून मितानिया घातल्या, अबूना. तुमच्याशी खोटं बोलले. साखरेचा कागदही लपवला."

अबूनांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांचे डोळे भरलेले दिसले. म्हणाले, "बाई, देवाने हे अंग तुम्हाला वापरायला दिलंय, झिजवून परत करायला. तुम्ही ते सोफ्यावर ठेवून कुजवताय. दोन वर्षांची भरपाई मला नको. उद्या एकच घाला. पण कपाळ जमिनीला लागलं पाहिजे. आणि तो कागद खणातून काढून डॉक्टरांना दाखवा."

एकच! मला वाटलं, स्वस्तात सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीवर गुडघे टेकले, कपाळ टेकलं, दया मागितली, आणि उठायला गेले तर उठता येईना. एका कुशीवर झाले. मग पाठीवर. टेबलाचा पाय धरला तर टेबलच माझ्याकडे यायला लागलं. फोन हाताला लागला म्हणून वाचले. मारसेल गरोदर, तिने सासूला किल्ली देऊन धाडलं. आणि कौकब दारात उभी राहून, ओढणीने तोंड दाबून हसायला लागली. "अगंबाई! विहीणबाई, तुम्ही तर उलटलेलं कासव झालात. क्रेन बोलावू का?"

"हसा," मी खालूनच म्हटलं, "पण आधी हात द्या."

तिने हात दिला, मला उठवलं आणि आठवड्यात अख्ख्या गल्लीला गोष्ट सांगितली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकले, या वेळी खुर्ची जवळ ठेवून. मग दोन. मग पाच. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, चहात अर्धा चमचा साखर लिहून दिली आणि बजावलं, "उपास करा, पण गोळी घेऊन आणि वेळेवर खाऊन. खिशात खजूर ठेवा. घाम सुटला, हात थरथरले, की लगेच तोंडात टाकायचा." पहिले आठ दिवस अर्ध्या चमच्याचा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. मी रोज कपाला शिव्या घालत प्यायले.

ऑक्टोबर संपता संपता मारसेल बाळंत झाली. कौकब खोलीतून बाहेर आली ती तोंड पाडून. "मुलगी," म्हणाली, जणू कुणी गेल्याची बातमी सांगत होती. "अकरा वर्षं वाट बघितली, आणि मुलगी."

आणि मी? मी तिच्या गळ्यातच पडले. हसत होते आणि रडत होते. "मुलगी! अहो विहीणबाई, मुलगी!"

"वेड लागलं का तुम्हाला?"

"मुलगा असता तर चाळिसाव्या दिवशी बाप्तिस्मा. मुलीचा ऐंशीव्या! देवाने मला चाळीस दिवस जास्त दिलेत!" मी तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, तिच्यासमोर एक मजला चढून दाखवला. पहारेकरी ओरडला, मी ऐकलं नाही. पोरीचं नाव वेरीना ठेवलं.

मग आला नाताळचा उपास. आता खरं बोलते, उपासात वजन वाढवणारी आमच्यासारखी माणसं शोधून सापडायची नाहीत. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, म्हणून मग तळलेली वांगी, तळलेले बटाटे, तामियाचे तळलेले वडे, वर तिळाचा हलवा. जनावराला हात लावला नाही म्हणून आम्ही संत, आणि कढई दिवसभर चुलीवर. त्या वर्षी मी कढई माळ्यावर टाकली. फूल म्हणजे घेवड्याचे सुके दाणे, ते शिजवायचे, वर जिरं आणि लिंबू, सोबत जिरजिरचा पाला आणि कांद्याची पात. शेजारीण म्हणाली, "तफीदा, हा उपास की शिक्षा?" मी म्हटलं, "तू ये, मग तुझ्या कढईचंही बघते." देवळात टुकटुकने जाणं सोडलं, पायी जायला लागले. नाताळच्या आठवड्यात वीस मितानिया झाल्या. ऐंशी दिवस भरत आले तेव्हा चाळीस, आणि खुर्ची परत टेबलाशी गेली होती. वजन शहाण्णव. बारीक झाले नव्हते, पण माझे पाय माझं ऐकायला लागले होते.

बाप्तिस्मा ठरला रविवारी. होडीने पलीकडे उतरलो. मारसेलचं पोट फाडून बाळंतपण झालेलं, म्हणून ती आणि जावई मागच्या रस्त्याने गाडीतून वर गेले. कौकब मात्र माझ्याबरोबर पायऱ्यांशी उभी. "माझी नात पाडाल तुम्ही. मी मागून येते."

पन्नास पायऱ्यांपर्यंत ती बडबडत होती. शंभरच्या पुढे तिलाही धाप लागली. दर पायरीला मी एकदा दया मागत होते आणि पाऊल टाकत होते. एकशे वीसच्या आसपास घाम सुटला, थंड. हात थरथरायला लागले. पोर माझ्या हातात, मीच शिवलेल्या पांढऱ्या झबल्यात, टक्क जागी. मी मटकन पायरीवर बसले.

कौकब वाकली. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ होता. "द्या इकडे. वर पोचायच्या आधी परत तुमच्या हातात देते. कोण बघतंय? मी कुणाला सांगणार नाही."

कोण बघतंय. हेच मी सोफ्यावर बसून दोन वर्षं म्हणत होते.

वेरीना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ही बघतेय. माझ्या खिशात खजूर आहेत, विहीणबाई. एक माझ्या तोंडात घाला."

कौकबने माझ्या खिशात हात घातला, बी काढली आणि खजूर भरवला. मग दुसरा. मग पाण्याची बाटली तोंडाला लावली. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो, खाली नदी वाहत होती आणि कौकब माझ्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालाने टिपत होती. हात थरथरायचे थांबले. मी एक गुडघा टेकला, दुसऱ्या पायावर जोर दिला आणि उठले. रोज सकाळी चाळीस वेळा तेच तर करत होते.

वर अबूना उभेच होते. त्यांनी मला विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कौकबच म्हणाली, "एकदाही दिलं नाही माझ्याकडे. मी साक्षीला आहे. महा हट्टी बाई आहे ही, अबूना." आणि दुसऱ्याच क्षणी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. वेरीनाला तीन वेळा पाण्यात बुडवून काढलं तेव्हा पोर असं काही केकाटलं की अख्खा डोंगर जागा झाला. मारसेल हसत होती. अकरा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जाग आली ती उशिरा. नवस फिटला होता. सोफा समोर होता, साखरेचा डबा फळीवर होता, आणि कुणी विचारणारं नव्हतं. मी कितीतरी वेळ सतरंजीकडे बघत बसले. खरं सांगते, हात डब्याकडे गेलाही होता.

तेवढ्यात फोन वाजला. कौकब. आवाज कुठून तरी खालून येत होता.

"तफीदा," ती कुजबुजली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला नुसतं नावाने हाक मारली. "हसू नकोस. मारसेल बाजारात गेलीय. मी ते... कपाळ टेकलं. आता उठता येत नाहीये गं. बारीक माणसालाही अडकायला होतं का?"

मी हसले नाही. देवाशपथ हसले नाही, ओठ चावून धरले. "पोर कुठे आहे?"

"माझ्या शेजारीच, सतरंजीवर. टकामका बघतेय मला."

"मग पडून राहा. मी आले."

दहा गल्ल्या आहेत मधे. टुकटुकवाला थांबला, त्याला म्हटलं, पुढे जा बाबा. पायीच गेले, झपाझप. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून बघते तर कौकब सतरंजीवर आडवी, आणि वेरीना तिचं बोट मुठीत धरून पडलेली. हात द्यायला वाकले, आणि मग विचार बदलला. गुडघे टेकले आणि त्या दोघींच्या शेजारी मीही आडवी झाले. घाई कसली? मला आता उठता येतं.