बारा नोकऱ्या

दुपारी संचिताच्या लॅपटॉपवर बारा नोकऱ्या होत्या; चार वाजता एकही उरली नाही. साऱ्या तिनेच सरावासाठी रचलेल्या: आंबोलीच्या हॉटेलात स्वयंपाकी, आरोंद्याला बोटीचा मेकॅनिक, कसालला औषधाच्या दुकानात मदतनीस. गावाच्या नावाचं बटण दाबलं की तिथल्याच नोकऱ्या दिसाव्यात, एवढंच वेबपान करायचं होतं. पाच वाजता कुडाळच्या क्लासमधल्या ग्लिनिस मिस व्हिडिओ कॉलवर ते बघणार होत्या आणि जमलं असलं तर तिला आपल्या हाताखाली कामाला घेणार होत्या.

‘कसाल’ दाबलं की कसालच्या दोन नोकऱ्या येत. ती निवड काढून ‘आरोंदा’ दाबलं की पान कोरं. पान पुन्हा उघडलं की बाराच्या बारा हजर! तिने प्रत्येक ओळ तपासली. चूक कुठे दिसत नव्हती, उत्तर मात्र चूक होतं.

तिची आई मथुरा काजूच्या कारखान्यात गर निवडून दमून आली होती.

“तोंड कित्या पाडलंस गो?”

“आरोंद्याच्यो नोकऱ्यो गायब झाल्यो. कसालच्यो येगळ्यो काढलंय, मगे आरोंद्याच्यो सोदलंय, तर नायच.”

“कसालच्यात आरोंद्याच्यो खंयसून गावतल्यो?” आई हसली. “आमची नवी पोर काल तसाच करी होती. अख्खे गर चाळून घेतल्यान आणि त्यातच तुकडो सोदीत बसली. तुकडो त्यात खंयसून उरतलो! परत गोणयेकडे जावचा लागता.”

गोणी? आपल्याकडे गोणी कुठली? संचिता पडद्याकडे बघत राहिली. मग दिसलं. निवडलेल्या नोकऱ्या ती मूळ यादीच्याच जागी भरत होती. गोणी पहिल्या चाळणीतच संपत होती. तिने निवडलेल्यांसाठी वेगळी यादी केली आणि मूळ बाराला हात लावला नाही.

पाचला मिसनी एकेक बटण दाबायला लावलं. सगळं चाललं.

“आता कसाल आणि आरोंदा, दोन्ही दाब. काय दिसायला हवं?”

संचिता गडबडली. कसालच्या दोन, आरोंद्याच्या तीन, मिळून पाच? की दोन्हीकडे असलेली, म्हणजे एकही नाही? दोन्ही उत्तरं बरोबर वाटत होती. आई मागून खुणेने पाच बोटं दाखवत होती.

“माका कळणा नाय, मिस,” ती चुकून मालवणीत बोलून गेली. “नोकरी सोदणाऱ्याकच इचारूक होया.”



“बरां तर,” मिसही मालवणीत म्हणाल्या. “सोमवारी कामाक ये. आमकाय ताच कळणा नाय.”