कोपऱ्यातला ठिपका

"धरा. सोडू नका. आता सरळ खाली ओढा," सिस्टर म्हणाल्या.

कारकुनाने चौकोनाच्या कोपऱ्यातला मोहरीएवढा ठिपका माऊसने पकडला आणि खाली ओढला. त्याला एकच आठवडा खाली यायचं होतं. पण बाण पडद्याच्या तळाला टेकला मात्र, आणि ओळी सुसाट पळायला लागल्या. घाबरून त्याने बोट उचललं तोवर सहा मशीनखालची सगळी नावं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत जाऊन बसली होती. आणि अजून ऑगस्टसुद्धा लागला नव्हता.

"अहो, वर्ष संपवलंत की!" सिस्टर हसल्या. "असू दे. उलट बरंच झालं. दर शनिवारी टाइप करत बसायला नको."

त्याला काही ते बरं वाटलं नाही. डायलिसिसच्या या विभागात बावीस वर्षं वेळापत्रक त्याच्या वहीत होतं, आणि वहीचा एक रिवाज होता. शनिवारी फक्त पुढच्या आठवड्याची नावं लिहायची, तीही पेन्सिलने. माणूस आला, मशीनला लागला, की पेन्सिलवर शाई फिरवायची. नाही आला तर खोडरबर. असं का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. आता एक तारखेपासून वह्या बंद होणार होत्या आणि छप्पन्नाव्या वर्षी तो कॉम्प्युटरपुढे बसून घाम पुसत होता. पेन्सिल कुठे मिळते ते या यंत्रात त्याला अजून सापडलं नव्हतं.

"चुकलं तर घाबरायचं नाही," सिस्टर उठता उठता म्हणाल्या. "कंट्रोल आणि झेड. केलेलं सगळं मागे जातं."

मशीनं सहा आणि माणसं त्याहून कितीतरी जास्त. वेटिंगची यादी दुसऱ्या शीटवर होती आणि तिच्यात पहिलं नाव कारकुनाच्या थोरल्या भावाचं होतं. दादाला आठवड्यातून दोनदा मशीन हवं होतं. मिळत होतं दहा दिवसांतून एकदा, तेही तीन तासांवरच्या गावात. तो आता चपला घालत नसे, कारण पाय त्यांत मावत नसत. इथे जागा व्हायची तर एकच वाट होती. आधीपासून मशीनवर असलेल्यांपैकी कुणीतरी यायचं थांबायला हवं, आणि जो यायचा थांबतो तो दहा-बारा दिवसांपलीकडे जगत नाही, हे कारकुनाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी दारातून येणाऱ्या माणसांची तोंडं तो निरखायचा आणि मग स्वतःचीच त्याला किळस यायची.

गेल्याच आठवड्यात सिस्टरनी त्याला बाजूला घेतलं होतं. चार नंबरचे मास्तर महिनाअखेर थांबायचं म्हणत होते. हाताच्या शिरा पार गेल्या होत्या, एकेक सुई लागायला अर्धा तास लागायचा. मास्तरांना घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनीही जास्त आग्रह केला नव्हता.

त्या संध्याकाळी त्याला राहवलं नाही, त्याने वहिनीला सांगून टाकलं. तिने माळ्यावरून निळी ब्लँकेट काढली, उन्हात टाकली, घडी करून एका पिशवीत भरली. मशीनवर माणसाला थंडी वाजते हे तिला माहीत होतं. पिशवी दारामागच्या खुंटीवर टांगली गेली.

सोमवारी सिस्टरनी वर्षाचा कागद छापून भिंतीवर लावला. मंगळवारी मास्तर आले ते कागदासमोरच उभे राहिले. चष्मा वर करून, बोट ठेवून, त्यांनी चार नंबरचा रकाना खालपर्यंत वाचला. मग काठी टेकत कारकुनाच्या टेबलाशी आले. मास्तर सगळ्या जगाला अरे-तुरे करत आणि कारकुनाला पहिल्या दिवसापासून चित्रगुप्त म्हणत.

"काय रे चित्रगुप्ता, हे तू लिहिलंस?"

"कॉम्प्युटरवर आहे आता सगळं."

"ते दिसतंय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लावलंयस मला." मास्तरांनी खुर्ची ओढली. "वहीत तर पुढच्या शनिवारपलीकडे कधी भरवसा धरला नाहीस. पेन्सिल असायची तुझी. मला काय दिसत नव्हती?"

कारकून टेबलावरच्या स्टेपलरची उघडझाप करत राहिला.

"मी सिस्टरना म्हटलं होतं, या महिन्यापुरतं बस झालं," मास्तर म्हणाले. "कंटाळलो रे. कुणाचं काही अडत नाही माझ्यावाचून. पण काल कुणीतरी इथे बसून माझं नाव पाच महिने पुढे लिहिलं. म्हणजे कुणीतरी मला धरून चाललंय."

माझा हात घसरला, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. खोटंही नव्हतं त्यात काही. मास्तर हसले असते, कॉम्प्युटरला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि महिनाअखेरीला थांबले असते. कारकुनाने स्टेपलर खाली ठेवला.

"चूक नाही ना झालेली?" मास्तरांनी विचारलं. ते अगदी सहज विचारल्यासारखं विचारत होते, पण नजर भिंतीवरच्या कागदावर होती.

"नाही," कारकून म्हणाला. "लावलंय तुमचं नाव."

"मग यायला हवं."

संध्याकाळची बॅच मशीनला लागल्यावर तो कॉम्प्युटरपुढे बसला. चार नंबरखालची मास्तरांची नावं त्याने ऑगस्टपासून शेवटपर्यंत निवडली आणि डिलीट दाबलं. चौकोन पांढरे झाले. पहिल्या पांढऱ्या चौकोनात त्याने एकेक अक्षर शोधून दादाचं नाव टाइप केलं. ठिपका पकडून खाली ओढलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दादाचं नाव डिसेंबरपर्यंत नीट एकाखाली एक उभं राहिलं, आणि त्याने ते बराच वेळ पाहिलं. उद्या नवा कागद छापायचा, भिंतीवरचा काढायचा, मास्तरांना काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. वाचता येत होतं त्यांना.

मग त्याने कंट्रोल आणि झेड दाबलं. पुन्हा दाबलं. मास्तरांची नावं परत आली तरी तो दाबतच होता. शेवटी सिस्टर मागून म्हणाल्या, "अहो, बास. कुठवर मागे जाताय?"

घरी वहिनीने दार उघडलं. त्याने चपला काढायला नको तेवढा वेळ लावला.

"त्यांचा विचार बदलला," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. आतून दादाने हाक मारून विचारलं, "काय म्हणतोय धाकटा?" त्यावर ती म्हणाली, "काही नाही, दमलेत भावजी."

पुढचे दोन महिने कारकुनाने तोंडात मिठाची गुळणी धरली. मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता यायचे, हातात पेन घेऊन. कागदावरच्या आपल्या नावापुढे स्वतःच बरोबरची खूण करायचे, शाईची. कधी कधी कारकुनाला त्यांचा इतका राग यायचा की तो उठून झेरॉक्सच्या खोलीत जाऊन बसायचा. त्यांनी नेमका काय गुन्हा केला होता? जिवंत होते, एवढाच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या तीन तासांच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत दादा गेला. गाडीत वहिनी होती. ड्रायव्हरने पुढे जाऊ की मागे वळू असं विचारलं तेव्हा तिला उत्तर सुचलं नाही, असं ती नंतर एकदाच म्हणाली.

आठव्या दिवशी कारकून कामावर आला. सिस्टर वेटिंगच्या शीटला हात लावायला धजावल्या नव्हत्या. त्याने स्वतःच पहिली ओळ निवडली आणि डिलीट केली. रिकामी जागा उरली नाही. खालच्या सगळ्या ओळी आपोआप एकेक घर वर सरकल्या आणि दुसऱ्या नंबरची बाई पहिली झाली. वहीत निदान खोडलेलं दिसायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, वहिनीने खुंटीवरची पिशवी काढून त्याच्यापुढे धरली.

"ते मास्तर अजून येतात?"

"येतात."

"मग त्यांना द्या. त्याच मशीनवर जायची होती ती."

त्याने वर पाहिलं. तिला किती कळलं होतं हे तिच्या तोंडावरून कळेना. तिने पिशवीचे बंद त्याच्या हातात दिले आणि ती आत गेली.

मास्तर मशीनला लागलेले होते, डोळे मिटून. एका हातात सुया, दुसरा छातीवर. कारकुनाने ब्लँकेट उलगडून त्यांच्या पायांवर घातली. ते पाय अगदी बारीक होते, चपलांत सहज मावणारे. तो थोडा वेळ ब्लँकेटच्या कडा नीट करत राहिला.

"नवीन घेतलीस?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. घरात पडून होती."

"ऊब आहे चांगली." मास्तरांनी पाय जवळ घेतले. "चित्रगुप्ता, शुक्रवारी तुझा कागद संपतोय."

"माहितीय."

"मग?"

कारकून टेबलाशी येऊन बसला. सिस्टरनी नव्या वर्षाच्या तारखा भरून ठेवल्या होत्या. चार नंबरखाली त्याने मास्तरांचं नाव टाइप केलं, आता अक्षरं शोधावी लागत नव्हती. कोपऱ्यातला ठिपका पकडला आणि खाली ओढू लागला. मार्च गेला, जून गेला, ऑक्टोबरपाशी हात जरा अडखळला आणि पुन्हा चालू लागला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर, बरोब्बर त्या चौकोनावर, त्याने बोट उचललं.

"जमायला लागलं की तुम्हाला," सिस्टर मागून म्हणाल्या.