फ्रिजवरची लाल रेघ

सकाळी नऊच्या सुमाराला टोफूच्या दुकानातली गर्दी ओसरली, तशा तोमिएबाई हात पुसत आत आल्या आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. त्यांनी घंटी वाजवली, हात जोडले आणि डोळे मिटता मिटता नैवेद्याच्या ताटलीतले गोड बन मोजून घेतले. काल संध्याकाळी तीन ठेवले होते. आता दोनच होते.

सासऱ्यांचा आत्मा बन खातो, असं या घरात चाळीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. तोमिएबाईंनी डोळे उघडून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांची सून चिगुसा पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. ती मुळातच अंगाने थोराड, आणि आता तिला तिसावा आठवडा लागलेला.

"चिगुसा, रात्री झोप लागली ना नीट?"

"हो आई."

"भूक-बिक लागून उठली नाहीस ना मध्येच?"

"नाही हो."

उत्तर फार चटकन आलं, असं तोमिएबाईंना वाटलं. ज्याला लपवायचं असतं तोच चटकन बोलतो. त्यांची नजर फ्रिजकडे गेली. फ्रिजच्या दारावर प्रसूतिगृहातून मिळालेला वजनाचा आलेख लावला होता. चिगुसा अठ्ठ्याहत्तर किलोंची असताना दिवस राहिले, तेव्हाच तिथल्या परिचारिकेने सगळ्यांच्या देखत बजावलं होतं, "फार तर पाच किलो वाढायचं, त्यावर एक चमचाही नाही!" आणि आलेखावर एक लाल रेघ ओढून दिली होती. त्या रेघेची राखण तोमिएबाईंनी आपल्या अंगावर घेतली. दर रविवारी त्या सुनेला काट्यावर उभं करत आणि स्वतःच्या हाताने ठिपका मांडत. सहा महिने ठिपके रेघेच्या खाली शहाण्यासारखे वागले. गेल्या दोन रविवारी मात्र त्यांनी एकदम उडी मारली. दोन आठवड्यांत तीन किलो!

ताटात तर त्या मोजूनच वाढत होत्या. मूठभर भात, पातळ सूप, दोन तुकडे टोफू. मग ही चरबी येते कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"पोट वाढू द्यायचं नाही," त्या जेवताना सुनेला ऐकवत. "इवलंसं जन्माला घालावं, मग थोरलं करावं. जुनी माणसं काय वेडी होती? हा मासाताका जन्मला तेव्हा तेवीसशे ग्रॅमचा होता. कळ आली आणि सुटले! तपासणीच्या आदल्या दिवशी मी नुसता चहा प्यायचे, समजलं? परिचारिका माझं उदाहरण द्यायच्या."

मासाताका, त्यांचा मुलगा, मान खाली घालून भात चिवडायचा. आपल्या तेवीसशे ग्रॅमची कौतुकं ऐकत तो चौतीस वर्षांचा झाला होता. बायकोची बाजू घ्यावी असं त्याला पुष्कळदा वाटे, पण आईपुढे तोंड उघडण्याची सवयच नव्हती. कितीतरी घरांत बायकांचे हाल दुष्ट माणसांपेक्षा अशा भल्या, गप्प माणसांमुळेच होतात.

संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की जे दिसेल ते पुरावा होऊन येतं. चिगुसाने बोटातली अंगठी काढून ठेवली, तर तोमिएबाईंच्या मनात आलं, बोटंसुद्धा खाऊन सुजली. ती नवऱ्याच्या सपाता घालून फिरू लागली, तर वाटलं, बघा, पायांनाही चरबी चढली. ती दुपारी कपाळ धरून बसली, तर ही चोरून खाल्ल्याची सुस्ती. तोमिएबाईंनी कचऱ्याची पिशवी उलटून पाहिली, बिस्किटांचा कागद कुठे सापडतो का ते पाहिलं. सापडला नाही, तेव्हा त्यांना सून वाटली होती त्यापेक्षा जास्त हुशार वाटली.

गुरुवारी तपासणी होती. तपासणीआधीचे दोन दिवस ताटाऐवजी देत होत्या, तसाच भाताचा एक गोळा तोमिएबाईंनी समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळून सुनेला दिला. "हा वजन झाल्यावर खायचा. आधी नाही."

चिगुसा निघाली. पाच मिनिटांनी तोमिएबाईंनी दारावरचा पडदा उतरवून दुकान बंद केलं आणि तिच्या मागोमाग निघाल्या.

प्रसूतिगृह बंदराच्या रस्त्यावर होतं. चिगुसा दारापर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि सरळ पुढे निघून गेली! म्हणजे तपासणीला म्हणून निघायचं आणि जायचं भलतीकडेच! त्या भिंतींच्या आडोशाने चालत राहिल्या. चिगुसा पुढच्या वळणावर मिठाईच्या दुकानापाशी आली. झालं, सापडली, असं म्हणेपर्यंत तीही जागा मागे पडली. शेवटी ती देवळाच्या उंच दगडी पायऱ्यांपाशी पोचली आणि कठड्याला धरून चढू लागली.

ती वर गेली, खाली आली आणि पुन्हा चढली. तिसऱ्या खेपेला मात्र ती मध्येच मटकन बसली. तिने पिशवीत हात घालून भाताचा गोळा काढला.

"धरली की नाही!" तोमिएबाई धापा टाकत वर पोचल्या आणि त्यांनी पिशवी हिसकावली. "बघू, आणखी काय काय दडवलंय!"

पिशवीत भाताचे आणखी दोन गोळे होते. एक कालचा आणि एक परवाचा, वाळून दगड झालेला. शेवाळाची पट्टी तोमिएबाई एका कोपऱ्यात जशी दुमडत, तशीच तिन्हींची दुमड होती. एकाचीही उकललेली नव्हती.

"हे... खाल्लं का नाहीस?"

चिगुसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना आई, पोट रिकामं ठेवायचं. मी तीन दिवस ठेवलं. तरी काटा खाली येईना. गेल्या वेळी ती परिचारिका सगळ्यांसमोर म्हणाली, 'बाळासाठी खाताय की स्वतःसाठी?' तिथल्या बायका हसल्या. आज आणखी वाढलेलं दिसलं असतं. म्हटलं, दहा वेळा चढले-उतरले तर निदान अर्धा किलो तरी उतरेल. देवासमोर हा गोळा ठेवून येणार होते. घरी परत नेला तर तुम्हाला वाईट वाटतं."

इतके दिवस तोमिएबाई विचारत होत्या, ही खाते कुठून? आता पहिल्यांदाच त्यांच्या मनात दुसरा प्रश्न आला. न खाता वजन वाढतं कसं?

त्या खाली बसल्या. त्यांनी सुनेच्या पायातला मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. जन्मभर त्यांनी टोफू असाच दाबून पारखला होता. चांगला असेल तर बोटामागोमाग वर येतो, पाणी राहिलं असेल तर खड्डा तसाच राहतो. अंगठा काढला. नडगीवर बोराएवढा खड्डा पडला होता आणि तो भरून येत नव्हता.

"डोकं दुखतं का गं?"

"चार दिवस झाले. आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. उपाशी आहे म्हणून असेल."

"ऊठ," तोमिएबाई म्हणाल्या. "माझ्या खांद्यावर हात टाक."

प्रसूतिगृहात परिचारिकेने वर न पाहताच काट्याकडे बोट केलं. "उशीर झालाय. चढा पटकन. आणि आज तरी खरं सांगा, काय काय खाल्लंत?"

"काटा नंतर. आधी रक्तदाब घ्या," तोमिएबाई म्हणाल्या.

"आजी, आमच्याकडे वजन आधी असतं."

"माझ्या सुनेचं वजन मला तोंडपाठ आहे, तिच्यासमोर पुन्हा वाचून दाखवायची गरज नाही. रक्तदाब घ्या म्हणते ना!"

बाकावरच्या चार-पाच गर्भारशी त्यांच्याकडे पाहू लागल्या. त्या जागी इतक्या मोठ्याने आजवर कुणी बोललं नव्हतं. परिचारिकेने नाक मुरडत पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. तिने पुन्हा मोजला, आणि या वेळी काही न बोलता डॉक्टरांकडे पळाली.

रुग्णवाहिकेने चिगुसाला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. संध्याकाळी पोट फाडून मुलगी काढली. वजन अकराशे ऐंशी ग्रॅम. चिगुसा वाचली. मुलगी काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात निजली होती. तिची मूठ तोमिएबाईंच्या अंगठ्याच्या पेराएवढी होती.

"मीच उपाशी ठेवलं तिला," त्या तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "त्यानेच झालं का हे?"

"नाही. गर्भारपणात रक्तदाब चढून अंगात पाणी साचण्याचा हा आजार कशाने होतो ते नेमकं सांगता येत नाही. वजन जास्त असलं की त्याचा धोका वाढतो, एवढं खरं. पण वजनदार बाईचंही बाळंतपण सुखरूप होतं, आजी. वेळेवर जेवायचं, रोज थोडं चालायचं आणि एकही तपासणी चुकवायची नाही. हिने आजची तपासणी चुकवली असती, तर उद्या मी दोघींनाही वाचवू शकले नसते." डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "ज्यांनी सगळ्यात आधी आमच्याकडे यायला हवं, त्यांनाच आपण रागावून रागावून पळवून लावतो."

बाहेरच्या बाकावर मासाताका दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. आई शेजारी येऊन बसली तसा तो म्हणाला, "देव्हाऱ्यातला बन मी घेतला होता. तिच्यासाठी. तिने तोंडही लावलं नाही, म्हणून मीच खाल्ला. तू तिच्याकडे कशी बघत होतीस, ते रोज दिसत होतं मला. आणि मी बोललो नाही."

तोमिएबाईंनी मान हलवली. रागवायला त्यांच्याजवळ कुणी उरलंच नव्हतं. तेवीसशे ग्रॅमचा हा पोरगा पहिली दोन वर्षं सारखा दवाखान्यात होता, हे कौतुक सांगताना त्या दरवेळी गाळत आल्या होत्या. ते आज आठवलं, आणि त्यांना रडू फुटलं.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. मुलगी दोन किलोंवर गेली होती, आणि घरातला आलेख मासाताकाने स्वतःच्या हाताने फाडला होता. बुधवारी दुपारी दुकानात एक तरुण बाई आली. सातवा-आठवा महिना असावा. अंगाने भरलेली, चेहरा मात्र उतरलेला.

"टोफूचा एक छोटा तुकडा द्या. तेवढाच."

"जेवलीस का गं?"

ती ओशाळून हसली. "उद्या तपासणी आहे ना. आज नुसता चहा."

तोमिएबाई गल्ल्यामागून बाहेर आल्या. तिला स्टुलावर बसवलं आणि न विचारता तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला नाही, तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. मग वाफाळत्या टोफूचा वाडगा, वर कांद्याची पात आणि शेजारी भात असं सगळं त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं.

"अहो, पण उद्या काटा..." ती घाबरून म्हणाली.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," तोमिएबाई म्हणाल्या आणि तिच्या हातात जेवायच्या काड्या दिल्या. "कुणाला ओरडायचंच असेल, तर त्यांनी मला ओरडावं. तू जेव."