दाराबाहेरचे गमबूट

तिसऱ्यांदा तेच आलं होतं. साल्मोनेला. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या बाहेर तुळजारामच्या दोन शेड, आठ हजार कोंबड्या, आणि लागोपाठ तिसऱ्या खेपेच्या नमुन्यात जंतू सापडले होते. कोंबड्यांचं काही बिघडत नाही, त्या आपल्या दाणे टिपत असतात. आजारी पडतो तो खाणारा. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीने आता शेवटचं सांगितलं होतं: कारण सापडलं तर सोमवारी नवी पिल्लं, नाहीतर शेड कायमच्या बंद.

कारण शोधायचं काम अखिलाचं. ती कंपनीची पशुवैद्य. सकाळपासून दोन फार्म झाले होते, पाठीचा कणा ठणकत होता, केसांना तो उग्र वास चिकटला होता आणि बेचाळीस प्रश्नांचा तो फॉर्म बघूनच तिला शिसारी येत होती. उंदीर? सापळे रिकामे. पाणी? टाकीत क्लोरीन. खाली अंथरलेलं भाताचं तूस? कोरडं, ताजं. दाराशी पाय बुडवायचं औषध? तुळजाराम रोज बदलायचा. असा शहाणा माणूस आणि त्याच्याच नशिबी हे! गावात दुसरा कुणी चिखलात लोळला तरी सहीसलामत.

ती शेडबाहेर खाद्याच्या पोत्यावर मटकन बसली. तुळजारामची बायको कामाक्षी तिला ताकाचा पेला देऊन परसात गेली. तिथे तिच्या सात-आठ गावठी कोंबड्या होत्या. त्यांना तांदळाची कणी टाकून, त्यांच्या घाणीतून चालत ती परत आली आणि तशीच, औषधाच्या पाण्याला वळसा घालून, पहिल्या शेडमध्ये शिरली. अनवाणी.

अखिलाचा पेला ओठांशीच थांबला.

दाराबाहेर कंपनीने दिलेले गमबुटांचे दोन जोड मांडलेले होते. लख्ख. तळव्यावरची चिठ्ठीसुद्धा अजून निघालेली नव्हती. त्यांच्या शेजारी अखिलाचे स्वतःचे बूट. तिने आपल्या पायांकडे बघितलं. तीही अनवाणीच होती. दर खेपेला ती इथे बूट काढायची, कुणी न सांगता, घरी उंबऱ्याशी काढतात तसे. जमिनीवरचा नमुना टिपायचे कापडी मोजे ती आत गेल्यावर पायांत चढवायची. परक्या डोळ्याला जे पहिल्याच दिवशी दिसलं असतं, ते तिला दिसलंच नाही, कारण त्यात तिला काही वावगं वाटलंच नव्हतं.

तिने फॉर्म काढले. प्रश्न सतरावा: शेडमध्ये जाताना पादत्राणे बदलता का? तुळजाराम दरवेळी छाती पुढे काढून सांगायचा, "बाहेरच काढतों, डॉक्टर!" आणि तिने तीनही फॉर्मवर ‘होय’ लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अक्का," कामाक्षी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत बूट का घालत नाही तुम्ही?"

"अय्यो! तिंगे आई बसलीय की!" कामाक्षीने आत बोट दाखवलं. खाद्याच्या पिंपांवर, भिंतीला, तुळजाभवानीची तसबीर होती, ताज्या मोगऱ्यासकट. "पोटाला घालणारी जागा ती. पायांत चेरुप्पु घालून कसं जायाचं?"

अखिलाने सांगितलं. परसातल्या कोंबड्यांपासून, टाचेच्या भेगांपासून, औषधाचं पाणी टाळून जाणाऱ्या पावलांपर्यंत सगळं. सांगताना तिचा जीव थकून गेला होता, तरी एक शब्द तिने गाळला नाही.

कामाक्षी खाली बसली. "म्हणजे मींच आणलें हे? लेकरांवाणी पोसलें त्यांना, आणि मींच?"

"मी पण, अक्का. आणि मी तर हेच शिकलेली."

तुळजाराम मागे उभा होता. बायकोच्या पायांकडे बघवेना म्हणून त्याने मान फिरवली.

अखिलाने पेन काढलं. तीन वेळा ‘होय’ खोडलं, तीन वेळा ‘नाही’ लिहिलं, प्रत्येकाखाली सही केली आणि कारणाच्या रकान्यात आपली चूकही लिहिली. साहेबांची बोलणी खावी लागणार होती. खाऊ म्हणाली. कारण सापडलं होतं, सोमवारी पिल्लं येणार होती, आणि पुढचा नमुना स्वच्छ निघणार की नाही ते आता या दोघांच्या पायांवर होतं.

कामाक्षी उठली. शेवटचं अनवाणी आत गेली आणि तसबीर पदराने पुसत बाहेर घेऊन आली. "आई, तूं घरांत चल," ती तसबिरीला म्हणाली, "हिंगे आतां बूट घालून यावं लागतं."

देवी घरात ठेवून, पाय साबणाने धुऊन ती परत आली. तळव्यावरची चिठ्ठी सोलून काढली आणि बुटात पाय घातले. बूट मोठे होते. दाराची चौकट धरून तिने ते औषधात बुडवले. उंबऱ्याशी सवयीने तिचे हात जोडले गेले. समोर नुसता खिळा होता. तरी हात जोडूनच ती आत गेली.