मी धनीरामच्या बायकोला ओळखत होते

मी एक जुनी यादी आहे. साकोलीच्या बसस्टँडजवळ हिरालालभाऊंचं ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथल्या संगणकात, ई-मेलच्या पोटात मी राहते. ज्यांना ई-मेल पाठवायची, त्यांची नावं आणि पत्ते माझ्याकडे असतात. आठशेच्या वर नोंदी आहेत. मित्रांनो, एवढी माणसं सांभाळून मी आता थकले आहे.

बारा वर्षांपूर्वी हिरालालभाऊंनी मला एका बोटाने टाईप करत घडवलं. ज्याचा ई-मेल नसेल त्याचा ते काढून द्यायचे आणि लगेच माझ्यात टिपून ठेवायचे. पण टिपायचे ते आपल्या पद्धतीने. आमच्याकडे सून घरात आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात. तशीच ती माझ्यात आली. सिहोरावाली, लाखनीवाली, तुमसरवाली. पुरुषही तसेच, टेकचंद मोटारवाले, पोस्टातले भाऊ. आडनावाचा पत्ता नाही. भाऊंचं यावाचून काही अडत नव्हतं. ते "मोटार" एवढं टाईप करायचे आणि मी टेकचंदला पुढे करायची.

माझेही चांगले दिवस होते. एकदा परीक्षेची तारीख बदलली, तेव्हा भाऊंनी माझ्यातून चाळीस मुलं निवडली आणि एकाच वेळी सगळ्यांना निरोप धाडला. एकाचाही पेपर बुडला नाही. त्या दसऱ्याला संगणकाला हार घातला होता. तो माझ्यासाठीच होता असं मी धरून चालते.

पुढे सगळे मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये गेले. मला कोणी विचारेना. टेकचंद वारून तीन वर्षं झाली, तरी दिवाळीच्या शुभेच्छा मी अजून त्याला पाठवते. त्याची नोंद पुसायला कोणाला सवड आहे?

या पावसाळ्यात भंडाऱ्याच्या एका केंद्रात रेशमाच्या कोशातून धागा काढायला शिकवून पुढे तिथेच काम देणार होते. आमच्या दुकानातून बऱ्याच बायकांनी अर्ज भरले. नावं भाऊंनी आधार कार्डावर पाहून उतरवली आणि लगेच विसरून गेले. पत्र इकडेतिकडे जाऊ नये, म्हणून भाऊंनी सगळ्यांच्या अर्जावर दुकानाचाच पत्ता टाकला. त्यांतली एक होती धनीरामची बायको. ती दर सोमवारी बाजाराला आली की दारात उभी राहायची.

"आलं का वो भाऊ, माह्यं पत्र?"

"नाही आलं बाई. आलं की मी धाडतोच तुमच्या मोबाईलवर."

ती मान हलवून जायची. असे चौदा सोमवार मी मोजले. ती एवढ्या वेळा आली, पण तिचं नाव काय ते कोणी विचारलं नाही.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेले. भंडाऱ्याला शिकणारी त्यांची मुलगी प्रतिक्षा दुकानात बसली. आणि नेमकं त्याच मंगळवारी केंद्राच्या सरिता मॅडमचं पत्र आलं. सहा जणींची निवड झाली होती. प्रत्येकीने आज चार वाजेपर्यंत आपल्या ई-मेलवरून होकार कळवावा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल. खाली नुसती सहा नावं होती, ना नवऱ्याचं नाव ना गाव. पहिलं डिंपल, शेवटचं खुशबू.

प्रतिक्षाने "डिंपल" टाईप केलं. मी गप्प. "खुशबू" टाईप केलं. मी गप्प. मी तरी काय करणार? माझ्यात लिहिलंय तेवढंच मला सांगता येतं. तिने भाऊंना फोन लावला.

"बाबा, डिंपल कोण? खुशबू कोण? यादीत कोणीच नाही."

"आता नावं कोनाले ठाऊक बाई," भाऊ पट्टीच्या डोळ्याने पडल्या पडल्या म्हणाले. "गावावरूनच तं ध्यानात रायते मानूस. नाव घेऊन कोन बोलावते?"

मुलगी हुशार. तिने थोडा विचार केला आणि नुसतं "वाली" टाईप केलं. कित्येक वर्षांत मी अशी हलले नव्हते. एकतीस जणी एकदम पुढे आल्या. तिने सगळ्यांना टिचकी मारली, पत्र जोडलं आणि वर लिहिलं, 'यात ज्यांचं नाव आहे त्यांनी लगेच होकार पाठवा.'

शेताच्या बांधावरून उत्तरं येऊ लागली. सिहोरावालीने लिहिलं, 'मी डिंपल. मी येते.' दोनपर्यंत पाच जणी झाल्या. तुमसरवालीने लिहिलं, 'माझं नाव यात नाही. माझं नाव कौशल्या आहे. पुढे काही आलं तर या नावाने कळवा.' ते वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सहावीही यांतलीच, फोन बघितला नसेल, असं प्रतिक्षाला वाटलं. ती वाट बघत बसली. मला मात्र माहीत होतं. धनीरामच्या बायकोचं माहेर आणि सासर एकाच गावात. बाहेरगावाहून आलीच नाही, तर ती कुठली 'वाली'? माझ्यात ती 'धनीरामची बायको' म्हणूनच होती. एकतीस जणींना निरोप गेला आणि ती राहिली. चार वाजले.

पुढच्या सोमवारी काळा चष्मा लावून भाऊ दुकानात होते. ती दारात उभी राहिली.

"आलं का वो भाऊ, माह्यं पत्र?"

भाऊंनी प्रतिक्षाकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, तुमचं नाव काय वो?"

"खुशबू."

प्रतिक्षाने उठून तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. खुशबू बसली नाही.

"सगळ्यायले धाडलं," ती म्हणाली. "मंग मलेच काहून नाही धाडलं?"

 ती गेल्यावर भाऊंनी एका बोटाने 'धनीरामची बायको' पुसलं आणि 'खुशबू' लिहिलं. मग लाखनीवालीला फोन करून तिचं नाव विचारलं. हळूहळू ते सगळ्यांना विचारत आहेत.

मित्रांनो, तुमच्याही मोबाईलमध्ये माझ्यासारखी एक यादी असेल. तिच्यात 'दूधवाले', 'अमक्याची आई' असं किती लिहिलंय ते एकदा बघा. ज्याला त्याला त्याचं नाव विचारा आणि नीट लिहून ठेवा. यादी कितीही जुनी असो, तुम्ही तिच्यात घातलं नाही ते ती शोधून देऊ शकत नाही. आता कोणी "खुशबू" टाईप केलं तर मी लगेच तिला पुढे करीन. पण खुशबू आता सोमवारी येत नाही.