मागची सीट

मी चामड्याची एक जुनी सीट आहे, मित्रांनो, आणि तीही मागची. तुम्ही म्हणाल, सायकलला मागे सीट कुठून आली, मागे तर कॅरियर असतो. बरोबर आहे. पण आमची सायकल दोन माणसांची होती. दोन सीटा, दोन हँडल, चार पायडल आणि घंटी मात्र एकच. पुढच्यानं सायकल वळवायची, ब्रेक लावायचा, घंटी वाजवायची. मागच्यानं फक्त पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. गल्लीतली पोरं आम्हाला 'आगगाडी' म्हणायची.

सध्या माझा मुक्काम पत्र्याच्या शेडमध्ये, एका फळीवर आहे. शेजारी वाळलेल्या रंगाचा डबा आणि एक फुटकी कुंडी. पुढच्या रिव्हेटांपाशी माझं चामडं फाटलंय. आता माझ्यावर कोणी बसू शकत नाही, म्हणून मीच बसून आठवत असते.

मी जन्मले ते एका लहानशा कारखान्यात. जनावराच्या पाठीचं जाड कातडं पाण्यात भिजवून पितळी साच्यावर ताणलं गेलं, आणि एका धिप्पाड बाईनं तांब्याची रिव्हेटं ठोकून मला लोखंडी चौकटीवर बसवलं. तिचा हात इतका वजनदार होता, की एकेका ठोक्याला माझ्या स्प्रिंगा थरथरायच्या. माझ्यासारखीच माझी एक जुळी बहीण होती. आम्हा दोघींना या जोडसायकलवर चढवलं. ती पुढे, मी मागे.

सायकल घेतली ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसानं. घरात त्याला सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्याची बायको, म्हणजे आई, वेताच्या खुर्च्या विणायची. त्यांची मुलगी लहान असतानाच आईची नजर हळूहळू गेली होती. आधी कडा पुसट झाल्या, मग रंग गेले, आणि शेवटी नुसता उजेड-अंधार कळायचा राहिला, तोही ढगाळ दिवशी नाही. वेत विणायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, त्यामुळे काम चालू राहिलं. पण तिचं बाहेर जाणं संपलं. बाबा हाताला धरून न्यायला तयार असायचा. तिलाच ते आवडायचं नाही. "गाठोडं असल्यासारखं वाटतं मला," असं ती म्हणायची.

आम्हाला अंगणात उभं केलं त्या दिवशी ती आधी हसली, मग चिडली.

"मला दिसत नाही, आणि मी सायकलवर बसू?"

"तुला बघायचंय कशाला? बघायला मी आहे ना. तू नुसते पाय मार."

"आणि पडले तर?"

"तर मीही पडेन. एकटी नाही पडणार तू."

तिनं पदर खोचला आणि माझ्यावर बसली.

नवी चामड्याची सीट कशी असते हे तुम्हाला माहीत नसेल. दगड बरा. पहिले काही रविवार आई घरी येऊन वाकडीतिकडी चालायची. "ही सीट आहे की सूड?" असं ती एकदा म्हणाली, आणि मला फार वाईट वाटलं. पण मी काही मुद्दाम करत नव्हते. चामड्याला माणूस ओळखायला वेळ लागतो. हळूहळू मी तिच्यासाठी खोलगट झाले, डावीकडे जरा जास्त, कारण ती डाव्या अंगावर भार द्यायची. मग एके दिवशी ती काहीच न बोलता उतरली, आणि मी समजले, की जमलं.

दर रविवारी सकाळी आम्ही कालव्यापर्यंत जायचो. बाबा निघाल्यापासून बोलत असायचा. "आता पिवळं घर. आज गच्चीत गोधड्या वाळत घातल्यात, एक लाल, एक निळी. आता चढ, जरा जोर लाव. आता गिरणीचं धुरांडं आलं. धूर आज सरळ वर चाललाय, म्हणजे वारा नाही." आई मधेच विचारायची, "गोधडी कसली लाल? विटकरी की मिरचीसारखी?" तो मान वळवून पुन्हा बघायचा आणि नीट सांगायचा. घरी तो फारसा बोलका नव्हता. त्याचा सगळा शब्दसाठा सायकलवर खर्च व्हायचा.

आणि तो मला जपायचा. महिन्यातून एखाद्या शनिवारी जुन्या मोज्याला तेल लावून मला वरून-खालून चोळायचा. माझ्या नाकाखाली एक नट आहे, चामडं सैल पडलं की तो आवळायचा असतो. तोही बाबा अगदी थोडा, जपून फिरवायचा. मेणकापडाची टोपी घरात एकच होती आणि ती कायम माझ्या डोक्यावर. पाऊस आला की माझी जुळी बहीण पुढे भिजत उभी. ओल्या चामड्यावरच बाबा बसायचा, आणि चामड्याला त्याहून वाईट काही नाही. ती लवकरच पोत्यासारखी लोंबली आणि गेली. तिच्या जागी स्पंजाची सीट आली, ती उसवली. मग दुसरी आली, तिलाही चिकटपट्ट्या लागल्या. माझ्यासमोरून किती सीटा आल्या आणि गेल्या. धड ओळख व्हायच्या आत त्यांचा स्पंज बाहेर यायचा. सायकल दुरुस्त करणारा म्हणायचा, "हल्लीची सीट दोन वर्षं चालली तरी खूप झालं. मागची पण बदलून टाकू का?"

"ती नको," बाबा म्हणायचा. "ती तिच्या मापाची झालीय."

मग एका दुपारी छापखान्यातून निरोप आला. बाबा खिळ्यांच्या खणासमोरच कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सायकल शेडमध्ये गेली. पत्रा उन्हाळ्यात तापायचा आणि माझ्या अंगातलं उरलंसुरलं तेल ओढून घ्यायचा. आई अधूनमधून यायची. भिंतीला हात लावत, घमेल्याला अडखळत माझ्यापर्यंत पोचायची आणि अंगठ्यानं मला दाबून बघायची. "सुकलीस गं," म्हणायची. तेलाची बाटली कोणीतरी कुठेतरी ठेवून दिली होती, ती तिला सापडेना.

मुलगी आता मोठी झाली होती. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचं काम तिच्याकडे होतं, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती वाईट नव्हती, मित्रांनो, हे मी आधीच सांगते. आईची औषधं, भाजी, दळण, सगळं ती आणून द्यायची. घाईघाईनं यायची, उभ्या उभ्या चहा घ्यायची.

"कालव्यावर नेशील का गं मला एकदा?" आई विचारायची.

"नेते ना. पुढच्या रविवारी नक्की."

"आणि त्या सीटला जरा तेल लावायला हवं."

"हो, बघते."

पुढच्या रविवारी डेपोत कोणीतरी रजेवर असायचं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे यायचे. खरं कारण मला कळलं ते एकदा ती शेडमध्ये केरसुणी शोधायला आली तेव्हा. तिनं पुढचं हँडल धरून पाहिलं, सायकल जरा कलंडली, तिनं घाबरून ती भिंतीला टेकवली आणि झटकन निघून गेली. आईला पाडीन, ही भीती तिच्या मनात होती. हे तिनं आईला एकदा सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण 'भीती वाटते' म्हणण्यापेक्षा 'वेळ नाही' म्हणणं सोपं असतं.

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. माझ्या पाठीवर बारीक भेगा पडल्या.

एका सकाळी शेडचं दार उघडलं. आई एकटीच होती. तिनं सायकल धरली आणि कोपरं खरचटून घेत, ठेचकाळत आम्हाला फाटकापर्यंत आणलं. डोक्याला रुमाल बांधून ती तिथे उभी राहिली. मुलगी भाजीची पिशवी घेऊन आली आणि थबकलीच.

"आई! हे काय?"

"तू आज आली नसतीस तर समोरच्या न्हाव्याला म्हणणार होते, चल मला घेऊन."

"त्यांना सायकल तरी येते का?"

"नाही येत. म्हणून तू आलीस ते बरं झालं."

मुलीनं पिशवी पायरीवर ठेवली आणि शेडमधला पंप आणून चाकांत हवा भरली. आई माझ्यावर बसली. मी तिला ओळखलं, तिचा डावीकडचा भारही ओळखला, आणि माझ्या भेगांनी जी काही कुरकुर केली ती मी आतल्या आत दाबली.

सुरुवातीला आम्ही रस्ताभर नागमोडी गेलो. एक हातगाडीवाला ओरडला. मग सायकल सरळ झाली. मुलगी दात आवळून गप्प होती.

"बोल ना," आई म्हणाली.

"काय बोलू?"

"काय दिसतंय ते."

"रस्ता दिसतोय."

"रस्ता मलाही कळतोय, हाडांना लागतोय माझ्या. बाकीचं सांग. गिरणीचं धुरांडं आलं का?"

मुलीचे पाय थांबले. सायकल आपल्या वेगानं थोडी पुढे गेली.

"आई, गिरणी कधीच पाडली. मी कॉलेजात होते तेव्हा. तिथं गाड्या उभ्या करतात आता." आणि मग हळूच, "बाबांनी सांगितलं नाही तुला?"

"नाही. ते सांगायचे, आज धूर सरळ चाललाय, आज वाकडा."

"म्हणजे इतकी वर्षं खोटं?"

"मला माहीत होतं गं. भोंगा बंद झाला, तेलाचा वास यायचा बंद झाला. डोळे गेलेत, बाकीचं शाबूत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाईट वाटू नये म्हणून एवढा मोठा माणूस दर रविवारी धूर काढत होता," आई म्हणाली. "कशी बोलणार? पण तू खरंच सांग. तुला त्यांच्यासारखं नाही जमायचं."

मुलगी पुन्हा पाय मारायला लागली. मग तिनं घसा खाकरला. "गाड्या आहेत. बहुतेक पांढऱ्या. एक जण बादली घेऊन काच पुसतोय, आणि आतून एक छोटी मुलगी त्याच काचेला जीभ लावतेय." आई इतकी हसली, की माझ्या स्प्रिंगा वाजल्या. मग मुलीला थांबवणं कठीण झालं. पिवळं घर आता हिरवं आहे. गच्चीत गोधड्या नाहीत, टाक्या आहेत. कालव्याला पाणी कमी आहे. कालव्याच्या कठड्यावर त्या दोघी पुष्कळ वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

परतताना एक खड्डा आला. लहानच होता. एरवी असे खड्डे मी हसत झेलले असते. पण पुढच्या रिव्हेटांपाशी चामडं टरकन फाटलं, आणि आई घसरून पुढे गेली. तिनं हँडल सोडलं नाही, म्हणून पोटरी खरचटण्यावर भागलं. पण मी तिला पाडलं, मित्रांनो. तिच्या मापाची मी, आणि मीच तिला पाडलं.

आईनं फाटलेल्या जागी बोट घालून पाहिलं. "बिचारी," म्हणाली. "हिच्याकडे कोणी बघितलंच नाही." ती रागावून बोलली नव्हती, सीटबद्दलच बोलली होती. मुलगी मात्र मान खाली घालून उभी राहिली. मग दोघी सायकल ढकलत, चालत घरी आल्या.

दुसऱ्याच दिवशी मुलगी मला चांभाराकडे घेऊन गेली. त्यानं मला जरा वाकवलं, आणि मी वाळक्या पानासारखी वाजले. "टाका घालून उपयोग नाही, ताई," तो म्हणाला. "टाक्यापाशीच पुन्हा फाटेल. आधी आणली असतीत तर काही करता आलं असतं."

तिनं माझ्यासारखीच नवी, चामड्याची सीट शोधून आणली. तेल आणलं, टोपी आणली, नट आवळायचा पाना आणला. काही रविवार आगगाडी पुन्हा धावली. मी फळीवरून त्यांना निघताना बघायचे. मुलगी फाटकापासूनच बोलायला लागायची.

मग थंडी आली आणि आईच्या छातीत खोकला बसला. डॉक्टरांनी बाहेर पडायचं नाही असं सांगितलं. रविवारी मुलगी उशाशी बसून राहायची. खोकला उतरलाच नाही, आणि उन्हाळा लागायच्या आत आई गेली. नव्या सीटवर तिचा आकार उमटायलाही वेळ मिळाला नाही. ती अजून तशीच कडक आहे, आणि चकचकीत.

परवा मुलगी शेडमध्ये आली. तिनं सायकल भिंतीला टेकवून उभी केली आणि त्या कडक सीटवर, मागे, चढून बसली. डोळे मिटले. तशीच बसून राहिली. पुढे कोणी नव्हतं.

मित्रांनो, सायकलची सीट किती टिकावी, असं कोणी विचारलं तर दुकानदार वेगळं सांगेल आणि कारखानदार वेगळं. मी मला कळलेलं सांगते. मला ऊन चाललं असतं, पाऊसही एकवेळ चालला असता, खड्डे तर माझ्या कामाचेच होते. नुसतं उभं राहणं मला सोसलं नाही. तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल तर तिच्या सीटला तेल लावा, ओली असेल तर तिच्यावर बसू नका, सैल पडली तर नट आवळा, पण हलक्या हातानं. आणि घरातलं कोणी 'मला एकदा घेऊन जाशील का' असं विचारत असेल, तर त्याला तारीख देऊ नका. चपला घाला आणि निघा.